न उठलेला फोड

हौसाआत्याच्या औषधाला नाव नव्हतं आणि ते विचारायचीही सोय नव्हती. विचारलं की म्हातारी म्हणायची, नाव घेतलं की गुण जातो. पाटणच्या पलीकडे डोंगराच्या पोटात धामणेवाडी नावाची तीस-चाळीस घरांची वस्ती आहे, तिथली ही बाई. ताप येऊन गेला, उन्हातान्हात राबणं झालं की माणसाचा ओठ उततो. काठावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुबका उठतो, चुरचुरतो, आठ-दहा दिवस नीट हसू देत नाही की भाकरीचा तुकडा चावू देत नाही. अशा ओठावर आत्या एक पाला चुरून लावायची. सकाळी लावला की दिवस मावळेपर्यंत ओठ कोरा. बदल्यात सुपारीचं खांडसुद्धा घ्यायची नाही. पथ्य मात्र समोर उभं करून सांगायची आणि दोनदा वदवून घ्यायची.

पथ्यं पाच होती. चिंच खायची नाही. वांगं खायचं नाही. दिवस मावळेपर्यंत आरशात बघायचं नाही. औषध देणाऱ्याच्या पाया पडायचं नाही. आणि पंधरा दिवस बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही.

तिची भाची वृषाली मोहिते पुण्याच्या एका संशोधन केंद्रात काम करायची. गावोगावच्या झाडपाल्याच्या औषधांना प्रयोगशाळेत उभं करायचं, खरं ते ठेवायचं, खोटं ते फेकायचं, हा त्या केंद्राचा उद्योग. वृषालीचे स्वतःचे ओठ लहानपणापासून उतायचे. शाळेत पोरं तिला ‘करपी’ म्हणायची. सुट्टीत आत्याकडे गेली की आत्या पाला लावायची, आणि मग ती पोर दिवसभर हसत सुटायची. तेव्हा या औषधाला मान मिळवून द्यायचाच, हे तिने मनावर घेतलं यात नवल ते काय? दोन वर्षं आत्याच्या मागे लागून लागून तिने पाला मिळवला. आत्या कबूल झाली ती एकाच कारणाने. तिच्या मागे हे शिकून घेणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

चाचणीचा आराखडा वृषालीने लिहिला. आत्याने सांगितलेलं सगळं तिने आधी जसंच्या तसं उतरवलं होतं, पथ्यांसकट. मग केंद्रातल्या पहिल्या बैठकीच्या आदल्या दिवशी ती ते वाचत बसली आणि तिला घाम फुटला. आरशात बघायचं नाही? पाया पडायचं नाही? हे तज्ज्ञांसमोर वाचलं तर लोक टेबलाखाली तोंड लपवून हसतील आणि पाला तपासायच्या आधीच कचऱ्यात जाईल. ज्या आत्याचं नाव मोठं करायचं तिचंच हसं होईल. वृषालीने पेन घेतलं आणि पाचही पथ्यांवरून एक रेघ ओढली. आता यात तिचं काय चुकलं? उगाच शहाणपण सांगू नका. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं, आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती.

आता त्या ओठाची गोष्ट थोडी समजून घेतली पाहिजे, म्हणजे पुढचं नीट कळेल. ओठ उतवणारा हर्पिसचा विषाणू एकदा अंगात शिरला की जन्मभर जात नाही. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच, घरच्यांच्या पाप्यांतून येतो. कवटीच्या तळाशी, कानाच्या आतल्या बाजूला चेहऱ्याच्या मज्जातंतूंची एक गाठ आहे, तिथे तो झोपून राहतो. ताप, ऊन, जागरण, काळजी यांनी शरीर जरा ढिलं पडलं की जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने ओठापर्यंत उतरतो. तिथे आला की शरीराचे शिपाई धावतात, मारामारी होते, पेशी फुटतात, पाणी भरतं. आपण ज्याला फोड म्हणतो तो निम्मा विषाणूचा आणि निम्मा आपल्याच शिपायांचा प्रताप असतो.

आत्याच्या पाल्यात एक द्रव्य सापडलं. ते ओठाच्या कातडीत मुरायचं आणि ती मारामारी थांबवायचं. बाराशे माणसांवर चाचणी झाली. निम्म्यांना पाल्याचा लेप, निम्म्यांना तसाच हिरवा, तसाच वासाचा पण निकामी लेप. कुणाला काय मिळालं ते ना देणाऱ्याला ठाऊक ना घेणाऱ्याला. निकामी लेपवाल्यांचा ओठ बरा व्हायला आठ दिवस लागले. पाल्यावाल्यांचा नऊ तासांत साफ. चुरचुर सुरू होताच लावला तर फोड उठलाच नाही. फोडावर कापसाचा बोळा फिरवून आत विषाणू किती आहे हेही मोजलं होतं. ज्यांना फोडच उठला नाही त्यांच्यापुढे शून्य मांडलं. फोड नाही तर पुसणार कशाला, आणि मोजणार काय? इतकं सरळ होतं ते, की बाराशे पानं तपासणाऱ्या एकाही विद्वानाची नजर तिथे अडली नाही.

दोन हजार अडतीस साली ते मलम ‘अधरा’ या नावाने बाजारात आलं आणि वर्षभरात घराघरांत पोचलं. नवरीच्या पिशवीत, मास्तरांच्या खिशात, बातम्या देणाऱ्या पोरींच्या टेबलावर अधराची हिरवी नळी. उतलेला ओठ रस्त्यात दिसेनासा झाला. वृषालीच्या गळ्यात हार पडले. सत्काराच्या एका कार्यक्रमात आत्यालाही बोलावलं होतं, पण म्हातारी आली नाही, तिला गाडी लागायची. चाचणीत पहिली स्वयंसेवक म्हणून वृषालीने स्वतःचाच नमुना दिला होता. केंद्राच्या संग्रहात नमुना क्रमांक एक तिचा होता, आणि हे ती हसत हसत सगळ्यांना सांगायची.

घरी तिला एक धाकटा भाऊ होता, अभिजित. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ही सोळाची. आई म्हणा, बहीण म्हणा, सगळं हीच. तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारणाऱ्यांना ती वेळ नाही मिळाला असं सांगायची. अभिजितच्या लग्नाला सात वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलेना. त्याची बायको पल्लवी दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवून थकली, तेव्हा तिच्याबरोबर त्या पायऱ्या चढायला वृषालीच होती. आठव्या वर्षी दिवस राहिले. पल्लवी बाळंतपणाला कराडला माहेरी गेली आणि तिला मुलगी झाली. वृषालीने फोनवर बाळाचं रडणं ऐकलं आणि केंद्रातल्या खुर्चीत बसून हुंदके देऊन रडली.

पल्लवीच्या आई कुमुदबाई विधवा, शिवणकाम करून एकुलत्या लेकीला वाढवलेल्या. बाळाचं न्हाऊमाखू, शेक-शेगडी सगळं त्यांनीच केलं. दहाव्या दिवशी जागरणाने त्यांचा ओठ उतला. त्यांचा नळीतल्या औषधांवर विश्वास नव्हता. त्यांनी काय केलं, तर बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं बंद केलं, शेजारच्या बाईला आंघोळ घालायला बोलावलं, आणि स्वतः तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात बसून राहिल्या. ओठ उतलेल्या बाईने बाळाजवळ जाऊ नये असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

बाराव्या दिवशी बारसं. वृषाली सकाळी पुण्याहून निघाली. साताऱ्याच्या पुढे ऊन गाडीच्या काचेतून थेट तोंडावर आलं आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात तिला ओळखीची चुरचुर जाणवली. तिने गाडी बाजूला घेतली, नळी काढली, लेप लावला. कराडला पोचेपर्यंत चुरचुर गेली होती. आरशात बघितलं तर ओठ गुळगुळीत.

बारशाला बाळाच्या आत्याचा, म्हणजे वृषालीचा मान. बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या केलं, पाळण्याखालून बाळ दिलं-घेतलं, आणि मग वृषालीने वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं. कुर्रर्र केलं. ‘ईशानी’ म्हणाली. बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले, ती हसली आणि त्या इवल्या कानाच्या, गालाच्या, मुठीच्या पाप्या घेत सुटली. किती घेतल्या त्याला मोजदाद नाही. कुमुदबाई तेवढा वेळ दाराबाहेर पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. वृषालीने त्यांना आग्रह केला, अहो, अधरा लावा, संध्याकाळपर्यंत मोकळ्या व्हाल, मग घ्या नातीला मांडीवर. कुमुदबाईंनी मान हलवून नको म्हटलं. जुन्या माणसांपुढे काय बोलायचं, असं वृषाली पल्लवीला म्हणाली आणि दोघी हसल्या.

विसाव्या दिवशी बाळाने दूध सोडलं. एकविसाव्या दिवशी अंग तापलं, नजर एकटक लागली, हातपाय झटके देऊ लागले. कराडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. महिन्याच्या आतल्या बाळाच्या अंगात शिपाई म्हणून काही नसतात. मोठ्यांच्या ओठावर जो विषाणू दोन फोड उठवून परत जातो, तो तान्ह्या बाळाच्या अंगात मोकाट सुटतो, यकृतात जातो, मेंदूत जातो. डॉक्टरांना हर्पिसचा संशय आला तेव्हा दोन दिवस गेले होते. औषध दिलं. सव्विसाव्या दिवशी दुपारी सव्वातीन वाजता ईशानी गेली.

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, घरात कुणाचा ओठ उतला होता का? सगळ्यांच्या माना एकदम कुमुदबाईंकडे वळल्या. पदर अजूनही त्यांच्या तोंडालाच होता. पल्लवीने आईकडे बघितलं आणि काय बोलली ते सबंध दवाखान्याने ऐकलं. त्यानंतर तिने आईचं तोंड पाहिलं नाही. अभिजित पल्लवीला पुण्याला घेऊन आला. कुमुदबाईंनी एका शब्दानेही आपली बाजू मांडली नाही. मांडणार काय? त्यांनाही तसंच वाटत होतं.

त्या वर्षी तालुक्यातालुक्याच्या दवाखान्यांत आणि केंद्रातही जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आलं होतं. विषाणूची सगळी जनुकीय अक्षरं ते तासाभरात वाचायचं. हा हर्पिस पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या अंगात राहतो आणि राहता राहता एखाद-दुसरं अक्षर बदलतो. त्यामुळे प्रत्येकाच्या विषाणूची अक्षरं थोडी थोडी निराळी. कुणाचा विषाणू कुणाकडून आला हे त्यावरून सांगता येतं, एखाद्या भटजीने सात पिढ्या सांगाव्यात तसं. ईशानीचा नमुना वृषालीनेच मागवून घेतला. कुमुदबाईंचा, पल्लवीचा, अभिजितचाही मागवला. पल्लवीच्या मनात एकही शंका राहायला नको, कागदावर काय ते स्पष्ट होऊ दे, असा तिचा हिशोब होता.

निकाल आला. कुमुदबाईंशी जुळत नव्हता. पल्लवीशी नाही, अभिजितशी नाही. यंत्राने सवयीप्रमाणे केंद्राचा सगळा संग्रह चाळला आणि जुळणाऱ्या नमुन्याचा आकडा पडद्यावर दाखवला. एक.

वृषालीने तो तीनदा पुन्हा लावून पाहिला. मग तिने स्वतःच्या ओठावर, कोऱ्या, गुळगुळीत ओठावर अधरा लावला, आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावरून बोळा फिरवून यंत्रात घातला. फोड नव्हता, चुरचुर नव्हती, आणि बोळ्यात विषाणूंचा पूर आलेला होता. पाला मारामारी थांबवत होता, चोराला हात लावत नव्हता. उलट शिपाई झोपवल्यावर चोर आरामात फिरत होता, एक-दोन दिवस नाही, बारा-तेरा दिवस. चाचणीत जिथे जिथे शून्य मांडलं होतं तिथे कुणी बघितलंच नव्हतं.

चौदाव्या दिवशी ती धामणेवाडीला गेली. आत्या पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. अभिजितचं बाळ गेल्याचं तिला कळलं होतं. वृषाली तिच्यासमोर बसली आणि कुठलीही प्रस्तावना न करता तिने विचारलं, बाळंतिणीचं पथ्य कशासाठी होतं?

आत्याचे हात थांबले नाहीत.

“तीन गेली,” ती म्हणाली. “आमच्या घरातली. लागोपाठ तीन वर्षं. दोन जाऊची, तिसरं माझं. तवा सासूच्या ध्यानात आलं की पाला लावून बाळंतिणीच्या खोलीत गेलं की बाळ जातंय. तवापासनं पथ्य.”

वृषालीने विचारलं, मग चिंच, वांगं, आरसा, ते काय होतं? आत्या म्हणाली, ते सासूने वरून घातलं. एकच पथ्य सांगितलं तर माणूस सोडून देतं, पाच सांगितली तर भितं. पाचातली चार मोडली तरी चालतात, एक राहिली म्हणजे झालं.

“आत्या, मला हे का नाही सांगितलंस?”

“सांगितलं की. तू वहीत लिवूनबी घेतलंस.” आत्याने एक खडा वेचून बाहेर टाकला. “मग नळी आली, तिच्यावर पथ्य न्हवतं. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, तेवढं वाईट काढून टाकलं असंल.”

आत्याने पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे, तिच्या ओठांकडे नीट बघितलं. म्हातारी अडाणी होती, आंधळी नव्हती.

“आमच्यात बी ओठ माझाच उतायचा,” ती हळू म्हणाली. “जाऊला आजून वाटतंय, दिष्ट लागली हुती. मी कधी सांगितलं न्हाई. सांगून पोरं परत येत्यात व्हय?”

आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. चहा करू का म्हणून तिने विचारलं. वृषाली नको म्हणाली आणि उठली. येताना घाटात तिला दोनच गोष्टी सुचत होत्या. नळ्या दुकानांतून उचलल्या पाहिजेत, निदान त्यांच्यावर एक ओळ छापली पाहिजे. आणि कुमुदबाईंना सांगितलं पाहिजे. दोन्ही लगेच, याच आठवड्यात. हे तिने मनापासून ठरवलं होतं, ते लक्षात ठेवा.

केंद्राचे संचालक डॉ. प्रभुदेसाई म्हणजे मृदू माणूस. आवाज कधी चढवणार नाहीत. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, दुःख मी समजू शकतो. पण बाळ तुमच्या घरचं, ओठ तुमचा, नमुना तुमचा, यंत्र चालवलं तुम्ही. आरोपी, साक्षीदार आणि तपासनीस एकच माणूस असेल तर तो निकाल कोण मानेल? तान्ह्या बाळांना हर्पिस अधरा येण्याआधीही होत होताच, क्वचित का होईना. वाढला हे दाखवायचं तर आकडा हवा. त्यांनी कागदावर गणित करून दाखवलं. अधरा वापरलेल्या, फोड न उठलेल्या माणसाशी विषाणू जुळणारी किमान अकरा बाळं. त्याखाली जे काही असेल तो योगायोगही असू शकतो.

वृषाली म्हणाली, तोवर निदान नळीवर एक ओळ छापू. पंधरा दिवस तान्ह्या बाळाजवळ जाऊ नका, एवढीच.

“कशाच्या आधारावर?” प्रभुदेसाईंनी शांतपणे विचारलं. “तुमच्या आत्याबाईंच्या? ती ओळ तुम्हीच खोडली होतीत, वृषाली. तिला आधार नाही म्हणून. आधार अजूनही नाही.”

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. सिद्ध होईपर्यंत कुणाच्याही घरच्यांना निकाल कळवायचा नाही, हा केंद्राचा नियम आहे, आणि तो तुमच्या घरालाही लागू आहे. वृषालीने मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला हवा तसा नियम मिळाला होता. नियम मोडून अभिजितसमोर उभं राहायची ताकद तिच्यात नव्हती, आणि आता ती नसल्याचं कबूल करायची गरजही उरली नव्हती. अकरा झाली की सगळं एकदमच सांगू, पुराव्यासकट, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय वाटेल ते समजावू शकतो.

पंधरा दिवसांनी कुमुदबाईंचा फोन आला. यापूर्वी त्यांनी तिला कधी फोन केला नव्हता. बराच वेळ प्रकृती कशी आहे, पल्लवी जेवते का, झोपते का, हेच विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, “वृषालीताई, तुम्ही त्यातल्या जाणत्या आहात. माझा नमुना नेला होता ना? मला खरं ते सांगा. माझ्यामुळंच गेली का हो ती?”

वृषालीच्या समोर निकालाचा कागद होता. एका शब्दात उत्तर होतं. तिने तोंड उघडलंही.

“अजून काही सिद्ध झालेलं नाही, कुमुदताई,” ती म्हणाली.

“बरं,” कुमुदबाई म्हणाल्या. “तुम्ही मन राखायला असं बोलताय ते कळतं मला. उपकार आहेत तुमचे.” आणि त्यांनी फोन ठेवला. उपकार हा शब्द वृषालीला किती दिवस पुरला असेल, कल्पना करा.

त्यानंतर तिने कामाला वाहून घेतलं. राज्यातल्या एकेका दवाखान्याला पत्रं लिहिली, तान्हं बाळ या आजाराने गेलं तर नमुना आणि घरच्यांचे नमुने पाठवा, अधरा वापरला का ते विचारा. दुसरं बाळ लातूरचं, मामाकडून. तिसरं चिपळूणचं, बापाकडून. चौथ्या-पाचव्याला ती स्वतः घरी गेली. त्या घरांतल्या माणसांसमोर बसायची, ओठ उतला होता का विचारायची, ते छातीवर हात ठेवून नाही म्हणायचे, आणि ते खरंच असायचं. कुणी विचारलं, कशामुळे झालं हो, तर तपास चालू आहे म्हणायची. प्रत्येक घरात तिला एकेक कुमुदबाई दिसायची, कुणाची तरी बोट दाखवायला सोयीची सासू, आजी, मोलकरीण. सुरुवातीला ती परतताना गाडीत रडायची. सहाव्यानंतर रडली नाही. सातवं एका दवाखान्यात हातातून निसटलं, बाळाचा नमुना नीट ठेवला नव्हता, तर ती त्या दवाखान्यातल्या नर्सवर अशी ओरडली की ती पोर घाबरली. एक आकडा वाया गेला होता. आणखी किती थांबायचं?

अधराच्या नळ्या खपतच होत्या. लहान मुलांसाठी संत्र्याच्या वासाची निघाली.

नऊ झाली त्या सुमाराला, पौषात, कुमुदबाई न्यूमोनियाने गेल्या. शेजारच्या बाईने सांगितलं की गेले काही महिने त्या कुणाच्याही घरी जात नव्हत्या, आल्यागेल्याला बाहेरच बसवत, ताट-वाटी वेगळी ठेवत आणि झोपतानाही तोंडावर कापड बांधत. गल्लीत पोरं खेळताना दिसली की दार लावून घेत. पल्लवी अंत्यविधीला गेली नाही. तेराव्याला गेली, तीही अभिजितने हात धरून नेली म्हणून. तिथे ती वृषालीला म्हणाली, ताई, मला रडूच येत नाही, मी वाईट आहे का? वृषालीने तिला जवळ घेतलं आणि नाही म्हणाली. एवढं मात्र तिने ठामपणे सांगितलं.

दहावं माघात आलं. मग दोन महिने काहीच नाही. वृषाली रोज सकाळी केंद्रात आली की आधी पत्रं बघायची, मग फोन. प्रभुदेसाई येता-जाता विचारायचे, काय, कुठवर आलं? ती म्हणायची, एकावर अडलंय. कधी कधी तिला वाटायचं, लोक आपोआप सावध झाले असतील, आता येणारच नाही, आणि या विचाराने तिचा जीव घाबरा व्हायचा. दहांवर काही होत नाही. दहा म्हणजे योगायोग. दहांवर नळ्या उचलल्या जात नाहीत, दहांवर पल्लवीला सांगता येत नाही की तुझी आई निर्दोष होती. अंथरुणावर पडली की ती पाळणे, बारशी, आणि घराघरांतले गुळगुळीत ओठ मोजत राहायची.

वैशाखात एका सकाळी परभणीहून फोन आला. तरुण डॉक्टर होता, आवाज बसलेला. म्हणाला, मॅडम, तुमचं पत्र आमच्याकडे होतं म्हणून कळवतोय. एकोणीस दिवसांचा मुलगा, काल गेला. विषाणू मावशीशी जुळला. तिला फोड नव्हता. पण ती अधरा लावते, बारशाच्या दिवशी पण लावला होता. बाळाचा नमुना नीट ठेवलाय. मावशीचाही घेतलाय. सगळ्यांच्या सह्या आहेत.

वृषालीच्या खांद्यांवरचं ओझं एकदम उतरलं. कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला. खिडकीतून ऊन आत येत होतं, ते तिला छान वाटलं.

“बरं झालं,” ती म्हणाली.

“मॅडम,” तो डॉक्टर म्हणाला, “बाळ गेलंय.”

“हो, हो,” वृषालीने पेन उघडलं. “जन्मतारीख सांगा.”